ठेका धरणारा हात

गेल्या ज्येष्ठात आमच्या पुसदच्या घरी एक प्रश्न उपस्थित झाला. तो आमच्या एकट्याच्या घरचा म्हणून दडवून ठेवण्यापेक्षा वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते. कारण असे प्रश्न आज पुष्कळ घरांतून उठत असतील आणि पुष्कळ घरांतून ते पंगतीतच दाबले जात असतील.

आमचा धाकटा पुतण्या बारावीच्या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. पेढे वाटून झाले. रात्री पाने मांडली असता त्याने मान खाली घालून सांगितले की, आपणांस यापुढे तबला शिकावयाचा आहे, आणि तो छंद म्हणून नव्हे, तर पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून.

पंगतीत क्षणभर कोणी बोलेना. मग आमचे थोरले बंधू म्हणाले, “ह्या पुसदने महाराष्ट्रास दोन मुख्यमंत्री दिले. आता आपल्या घराने एक तबलजी द्यावा, एवढेच काय ते उरले होते!”

सगळे हसले. वसंतराव नाईक (१९६३ ते १९७५) आणि सुधाकरराव नाईक (१९९१ ते १९९३) हे दोन्ही मुख्यमंत्री आमच्याच तालुक्याचे, ही गोष्ट पुसदकर कोणत्याही संभाषणात कोठे ना कोठे आणतोच. परंतु मुलगा हसला नाही, आणि त्याची आईही हसली नाही. तिने ताक वाढता वाढता एवढेच विचारले, “भावजी, तबलजी म्हणजे वाईट काय, ते तरी त्याला सांगा.” ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्या बंधूंपाशी नव्हते आणि, प्रांजळपणे सांगावयाचे तर, आमच्यापाशीही नव्हते. ते शोधण्याच्या प्रयत्नात जे हाती लागले, ते येथे देत आहो.

प्रथम त्या शब्दाचाच विचार करू. आमच्यासारख्या घरांतून मृदंगास कधी कोणी नाक मुरडले नाही. हरिदास कीर्तनास उभे राहिले की त्यांच्या मागे मृदंग हवाच, आणि तो वाजविणाऱ्यास लोक ‘बुवा’ म्हणत. वाईजवळच्या बावधनचे नानासाहेब पानसे एकोणिसाव्या शतकात इंदुरास होळकरांच्या दरबारी पखवाजवादक म्हणून नावारूपास आले, आणि त्यांच्या नावाने एक घराणेच चालले. त्याच परंपरेतील गोविंदराव बुऱ्हाणपूरकर यांचा संगीत नाटक अकादमीने १९५५ साली गौरव केला. आमच्या वऱ्हाडात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) एका खंजिरीच्या तालावर गावेच्या गावे जागी केली. तेव्हा चामड्याच्या वाद्यावर हात टाकणे हे हलके काम, असे आमच्या पूर्वजांचेही मत नव्हते.

तबल्याच्या वाट्यास मात्र हे भाग्य आले नाही. तो ख्यालाबरोबर वाढला, तसाच ठुमरीबरोबर आणि नर्तकीच्या बैठकीतही वाढला. आणि ज्या दिवाणखान्यात उघडपणे जाण्याची प्रतिष्ठितांस चोरी, तेथले वाद्य म्हणून त्याच्यावर ठपका बसला. गंमत अशी की, त्या दिवाणखान्यात ऐकावयास जाणारे प्रतिष्ठित ते प्रतिष्ठितच राहिले. वाजविणारा मात्र ‘तबलजी’ ठरला. आमच्या बंधूंच्या तोंडून त्या रात्री जो शब्द निघाला, तो त्या जुन्या ठपक्याचाच अवशेष होय.

हा ठपका महाराष्ट्रात पुसून काढण्याचे श्रेय ज्यांच्याकडे विशेषेकरून जाते, ते उस्ताद अहमदजान थिरकवा. हे मूळचे महाराष्ट्राचे नव्हेत. त्यांचा जन्म उत्तरेत मुरादाबाद येथे, १८९२ च्या सुमारास, वादकांच्याच घराण्यात झाला. आरंभी त्यांस गायनाचे व सारंगीचे धडे मिळाले. पण मन तबल्यावर जडले आणि ते मुनीर खाँ ह्या नामांकित उस्तादांचे शागीर्द झाले. त्यांची बोटे तबल्यावर नाचताना, म्हणजे ‘थिरकताना’, पाहून गुरूंचे वडील काळे खाँ यांनी त्यांस ‘थिरकवा’ म्हटले, आणि पुढे जगाने तेच नाव चालविले. मुनीर खाँ मुंबईस राहत असल्यामुळे ह्या शागिर्दाची उमेदवारीची वर्षे मुंबईत गेली. महाराष्ट्राशी त्यांचा जो संबंध जडला, तो येथून.

बालगंधर्व व त्यांचे सहकारी यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ह्या मंडळीत थिरकवा तबल्यास बसले, तर सारंगीस कादरबक्ष होते. ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९) यांसारखी नाटके करणारी ही मंडळी. तिच्या प्रयोगांस बायकामुलांसह सारी घरेच्या घरे लोटत. वाचकांनी हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. ज्या घरांत तबल्याचे नाव काढण्याची सोय नव्हती, त्याच घरांतील आजीबाई थिएटरात बसून थिरकवांच्या तबल्यावर मान डोलवीत आहेत! घरात तबल्यास मज्जाव करणाऱ्यांनीच तिकिटे काढून तो ऐकला, आणि ऐकता ऐकता त्यांचा विरोध आपोआप विरघळला. हे काम व्याख्यानांनी झाले नसते.

परंतु थिरकवांचे तेथील काम काय होते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. ते काम साथीचे होते. नाट्यपद रंगले की प्रेक्षक ‘वन्स मोअर’चा पुकारा करीत; तेच पद पुन्हा, आणि पुन्हा. गाणारा प्रत्येक वेळी नवी तान घेणार, नवी जागा काढणार. कधी अभिनयाच्या ओघात क्षणभर थांबणार. तबला वाजविणाऱ्याने तितक्या वेळा तोच ठेका, त्याच लयीत, पण कंटाळवाणा न होऊ देता धरावयाचा, आणि गाणारा समेवर येईल तेव्हा सम त्याच्या पावलाखाली तयार ठेवावयाची. त्रितालाच्या सोळा मात्रा कोणीही आठ दिवसांत पाठ म्हणू शकतो. त्याच सोळा मात्रा तासभर एका वजनाने, गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर वाजविणे ह्यास मात्र आयुष्य पुरत नाही, असे जाणकार सांगतात. जो हात स्वतंत्र वादनात कायदे, रेले आणि गती यांचा पाऊस पाडू शकतो, त्याने दुसऱ्याच्या गाण्यासाठी साधा ठेका धरून बसणे ह्यात केवढा संयम आहे! पट्टीचा पोहणारा काठाकाठाने मुलास पोहावयास शिकवितो, तसाच तो संयम.

पुढे थिरकवा १९३६ च्या सुमारास रामपूरच्या नबाबांच्या दरबारी गेले. स्वातंत्र्यानंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात तबल्याचे प्रमुख अध्यापक झाले. १९७० साली त्यांस ‘पद्मभूषण’ मिळाले, आणि १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांचा देहान्त झाला. एकट्या तबल्याचे वादन लोकांनी तिकीट काढून ऐकावे, ही प्रतिष्ठा त्यांनी ह्या वाद्यास मिळवून दिली. त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. आता ह्या चरित्राचा हिशेब मांडून पाहा. नाटक मंडळीची चाकरी, दरबारची चाकरी, मग महाविद्यालयाची चाकरी: ह्या तीन चाकऱ्यांत आयुष्य गेले. म्हणजे, ज्यास तबल्याचा सम्राट म्हणावे, तो पुरुषदेखील जन्मभर साथ करून आणि विद्यार्थी शिकवून चरितार्थ चालवीत होता! कीर्ती ही ह्या नित्याच्या कामातून आली. नित्याचे काम चुकवून ती आली नाही.

हा हिशेब आम्ही दुसऱ्या दिवशी घरात वाचून दाखविला. तेव्हा बंधू म्हणाले, “मोठ्यांची उदाहरणे सांगू नका. पोराच्या खोलीत झाकीर हुसेनचे चित्र लावलेले आहे, ते मी पाहतो. झाकीर हुसेन एकच होतो. बाकीच्या हजारांचे काय होते, ते सांगा.”

ही गोष्ट खरी आहे, आणि ती कबूल केली पाहिजे. उस्ताद झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत निवर्तले, तेव्हा जगभरची वृत्तपत्रे हळहळली. परंतु अशा एका मनुष्याकडे पाहून घरच्या मुलाचा मार्ग ठरविणे म्हणजे सोडतीच्या भरवशावर घर बांधण्यासारखे आहे. तेव्हा आम्ही बाकीच्यांचा विचार करू लागलो, आणि आमच्या ध्यानात आले की, त्या बाकीच्यांत एक फार मोठा वर्ग आहे, तो म्हणजे शिक्षकांचा. मुनीर खाँचे भाचे आणि शागीर्द अमीर हुसेन खाँ (मृत्यू १९६९) यांनी मुंबईत वर्षानुवर्षे तबला शिकविला. त्यांच्याजवळ गोव्याचे पंढरीनाथ नागेशकर शिकले. नागेशकरांजवळ सुरेश तळवलकर शिकले. हे तळवलकर कीर्तनकारांच्या घराण्यातले; त्यांस २०१३ साली ‘पद्मश्री’ मिळाली, आणि त्यांचे शिष्य आज ठिकठिकाणी शिकवीत आहेत. आबान मिस्त्री ह्या पारशी बाईही अमीर हुसेन खाँजवळ शिकल्या, आणि स्त्रियांनी तबल्यास हात लावण्याची रीत नव्हती अशा काळात त्यांनी मैफलीत स्वतंत्र वादन केले. थिरकवा व अमीर हुसेन या दोघांचेही शिष्य निखिल घोष यांनी १९५६ साली मुंबईस ‘संगीत महाभारती’ ही शिक्षणसंस्था काढली. एका गुरूच्या खोलीतून निघालेल्या ह्या वाटा आहेत. त्यांवरून चालणाऱ्या बहुतेकांची नावे कोणत्याही वृत्तपत्रात येत नाहीत. पण तालुक्याच्या गावी एखादा मुलगा ‘धा धिं धिं धा’ म्हणू लागतो, तो ह्या अनामिकांमुळेच.

असा एक अनामिक आमच्या पुसदातही आहे. आमच्या पुतण्यास आठ वर्षे त्यांनीच शिकविले. सकाळी दोन शिकवण्या, दुपारी एका शाळेत संगीताचा तास, सायंकाळी पुन्हा शिकवण्या. चातुर्मासात कीर्तने, गणेशोत्सवात गाण्याचे कार्यक्रम, लग्नसराईत सुगम संगीत. आणि मधल्या वेळात लोकांच्या तबल्यांच्या पुड्या बदलणे, वादी ओढणे, गठ्ठे ठोकून स्वर लावणे, असा त्यांचा दिनक्रम. पुडीवरच्या त्या काळ्या शाईविषयी त्यांनी एकदा आम्हांस सांगितले होते की, ती लोखंडाची पूड खळीत कालवून थरावर थर देत बसवितात आणि प्रत्येक थर घोटावा लागतो. त्या शाईमुळे तबल्यातून गोड आणि निश्चित स्वर निघतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली आपल्या सहकाऱ्यासह ह्याच गोष्टीचे शास्त्रीय विवरण प्रसिद्ध केले. इतर ढोलांतून नुसता आवाज निघतो. मृदंग-तबल्यातून तंतुवाद्यासारखे सुसंवादी स्वर निघतात, असे त्यांस आढळले. पुढे १९३० साली ज्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, त्या पंडितास ज्या कारागिरीचे कौतुक वाटले, तिच्याकडे आम्ही ‘चामड्याचे काम’ म्हणून पाहत आलो!

आता एक गोष्ट आमच्या स्वतःविषयी. ती सांगणे सुखाचे नाही. पण न सांगितल्यास हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार पोहोचत नाही. पंधरा वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आमच्या घरी गाणे झाले. गायक बाहेरगावचे होते. तबल्यास हेच मास्तर होते. गाणे रंगले. गायकांस शाल, श्रीफळ आणि दिवाणखान्यात चांदीच्या ताटात भोजन. मास्तरांस आम्ही दाराशी पाकीट दिले, आणि त्यांचे पान ओसरीवर, गाडी हाकणाऱ्या मंडळींच्या पंक्तीस मांडले. त्या मंडळींबरोबर जेवण्यात कमीपणा नव्हता. कमीपणा होता तो आमच्या निवडीत. ज्याने दोन तास गाणाऱ्यास खांद्यावर वाहिले, त्याचे गाणे संपताच आम्हांस विस्मरण झाले. मास्तर जेवून, “येतो बरं का,” म्हणून निघून गेले. पुढे आमचाच पुतण्या त्यांच्याकडे शिकू लागला, तेव्हाही त्यांनी ह्या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही.

ह्या मास्तरांकडेच आम्ही आणि बंधू विचारावयास गेलो. खोली लहान, एका भिंतीशी उघडी पडलेली तबल्याची खोडे, दुसऱ्या भिंतीशी सतरंजी. बंधूंनी विचारले, “मास्तर, खरे सांगा, पोराचा हात कसा आहे?”

“हात चांगला आहे,” मास्तर म्हणाले. “पण काकाजी, नुसत्या हातावरून मी काही सांगणार नाही. आषाढभर देवळात कीर्तन आहे. माझ्याऐवजी त्यास बसवा. तिथे कोणी वाहवा म्हणत नाही, कोणी टाळी देत नाही. महिनाभर तो तिथे आनंदाने बसला, तर त्यास शिकू द्या. नाही बसला, तर कॉलेजात घाला; तबला घरी वाजवील.”

आम्हांस ही परीक्षा कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेहून शहाणपणाची वाटली. मुलगा बसला. तिसऱ्या दिवशी त्याने पूर्वरंगातच लग्गी लावून हात दाखविला. बुवांनी निरूपण थांबवून मागे वळून पाहिले, आणि श्रोत्यांत कोणी हसले. त्या रात्री तो न जेवता निजला. चौथ्या दिवशी जाईल की नाही, ह्याची आम्हां सर्वांस शंका होती. तो गेला, आणि दुपारभर घरी बसून नुसता धुमाळीचा ठेका घासून गेला. महिनाअखेर बंधू स्वतः कीर्तनास जाऊन बसले. परत आल्यावर म्हणाले, “आज पोरगा वाजवतो आहे, हे मधे मधे विसरायलाच झाले.” आमच्या बंधूंच्या कोशात ह्याहून मोठी स्तुती नाही, आणि साथीदाराची तरी ह्याहून मोठी स्तुती कोणती?

ज्या घरांत असा प्रश्न उद्भवेल, त्यांच्यासाठी आम्ही आमच्या घरी ठरलेल्या चार गोष्टी येथे देतो. पहिली, मुलाने कॉलेजची पदवी सोडू नये. थिरकवांस दरबारचा आश्रय होता, आज दरबार नाहीत. दुसरी, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘विशारद’, ‘अलंकार’ ह्या परीक्षा द्याव्यात, कारण शाळा-कॉलेजांतून शिकविण्याचे काम मिळावयास त्यांचा उपयोग होतो. परंतु परीक्षा म्हणजे विद्या, असा समज करून घेऊ नये. तिसरी, गुरू एकच असावा, आणि त्याच्याकडे जाताना पहिल्या गुरूचा आशीर्वाद घेऊन जावे. चौथी, घराने त्याच्याकडून कीर्तीची मागणी करू नये, कामाची करावी. वकिलाचा मुलगा वकील झाला, तर तो रानडे होईल काय, असे आपण विचारीत नाही. चार पक्षकार मिळवून सचोटीने राहील काय, एवढेच पाहतो. तबला वाजविणाऱ्या मुलासही तेच माप लावावे.

पुतण्या श्रावणात पुण्यास जावयास निघाला. आदल्या दिवशी आम्ही मास्तरांस सहकुटुंब जेवावयास बोलाविले. दिवाणखान्यात पाने मांडली, आणि मास्तरांचे पान थोरल्या बंधूंच्या शेजारी मांडले. वहिनींनी जुने चांदीचे ताट काढले होते. मास्तर बसले, ताटाकडे पाहिले, आणि हळूच म्हणाले, “काकाजी, मला पत्रावळच बरी. गणेशोत्सवात तुमच्या ओसरीवर जेवलो होतो ना, तेव्हाची कढी अजून आठवते मला.”

त्यांनी ते टोचून म्हटले की सहज म्हटले, हे आम्हांस अद्याप कळलेले नाही. वहिनींनी ताट उचलले नाही. कढी मात्र त्यांस दोनदा वाढली.